बाटलीची पारख

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी मध किंवा औषधें विकण्याचा धंदा करील. त्यास कांचेच्या बाटल्या विकत घ्याव्या लागतील. त्या घेतांना त्यानें तीन प्रश्न विचारावे.

पहिला : बाटली कोणाच्या हातांनीं घडली? १४ वर्षांखालील मुलास कारखान्यांत कामास लावूं नये असें १९५० च्या राज्यघटनेनें ठरविलें. तरी फिरोजाबादच्या कांचधंद्यांत त्यानंतरही मुलें राबतांना आढळलीं.

दुसरा : ती कशापासून झाली? वाळू, सोडा व चुनखडी सुमारें १५०० अंश उष्णतेवर वितळवून कांच होते. फुटकी कांच त्याहून कमी उष्णतेवर वितळते. मिश्रणांत शेंकडा १० भाग ती घातल्यास सुमारें ३ टक्के इंधन वांचतें.

तिसरा : रिकामी झाल्यावर ती कोठें जाईल? गोटीसोड्याच्या बाटलीप्रमाणें जी धुऊन पुन्हां भरतां येते, तिला दर खेपेस भट्टी लागत नाहीं. मात्र कांच जड असते. म्हणून जवळचा कारखाना पाहावा, नाहींतर वांचलेलें इंधन वाहतुकींत जातें.

या प्रश्नांमुळें बाटलीस कदाचित् चार पैसे अधिक पडतील. परंतु शेजाऱ्याच्या लेंकराचें बालपण खर्चून मिळविलेली स्वस्ताई ही स्वस्ताई नव्हे.