व्हायोलिन वाजवतांना शरिरावर ताण का येतो आणि तो कसा टाळावा ?

पुष्कळ जण भजनाला साथ करता यावी, या इच्छेने व्हायोलिन शिकायला आरंभ करतात आणि काही मासांतच मान, खांदा किंवा मनगट दुखू लागल्याने शिकणे सोडून देतात. त्यांना वाटते, 'आपले वय झाले' किंवा 'हे वाद्य आपल्यासाठी नाही.' प्रत्यक्षात दोष वयाचा किंवा वाद्याचा नसून बहुतेक वेळा वाद्य धरण्याच्या सवयीचा असतो. या लेखात त्याविषयी समजून घेऊया.

१. स्वतःचा अनुभव

आम्ही बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये रहातो. शेजारच्या बळेपेटमध्ये वाद्यांची दुकाने आहेत. वयाच्या ४२ व्या वर्षी तेथूनच मी व्हायोलिन घेतले. चार मासांनी डावीकडची मान आणि उजवा खांदा इतका दुखू लागला की, रात्री कुशीवर झोपता येईना. 'सोसले की सवय होते', असे मला सांगण्यात आले होते. म्हणून मी सोसत राहिलो. शेवटी वाद्य पेटीत घालून कपाटावर ठेवून दिले.

आमच्या गल्लीत एक वयस्कर आजोबा रहातात. ते पुष्कळ वर्षे व्हायोलिन वाजवत आहेत. त्यांनी मला वाद्य घेऊन बसायला सांगितले आणि म्हणाले, ''आता डावा हात सोडा.'' मी हात सोडताच वाद्य घसरले. ते म्हणाले, ''म्हणजे इतके दिवस तुम्ही व्हायोलिन वाजवत नव्हता, पडू नये म्हणून धरून बसला होता.'' या एका वाक्यामुळे माझे शिकणे पुन्हा चालू झाले.

२. ताणाचे मूळ कारण

व्हायोलिनचे वजन साधारण अर्धा किलो आणि गजाचे सुमारे ६० ग्रॅम असते. एवढ्या वजनाने धडधाकट माणूस थकत नाही. थकवा येतो, तो वाद्य पडेल, स्वर चुकेल, या भीतीने आवळून धरलेल्या स्नायूंमुळे. खांदा वर उचलला जातो, जबडा घट्ट मिटतो आणि श्वास रोखला जातो. आपले लक्ष स्वराकडे असल्याने हे आपल्याला कळतही नाही.

३. भारतीय बैठकीचे महत्त्व

व्हायोलिन युरोपातून आले. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६ ते १८५८) यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. तंजावरच्या मराठा दरबारात सरफोजीराजे दुसरे यांच्या आश्रयाला असलेले वडिवेलू हेही या वाद्याच्या आरंभीच्या वादकांपैकी एक होते. युरोपात वादक उभा राहून हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये वाद्य धरतो. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. त्यामुळे वाद्याचा भार पाय आणि छाती यांवर जातो आणि डावा हात मोकळा रहातो. गमक आणि लांब मींड यांसाठी हा मोकळेपणा आवश्यकच आहे. महाराष्ट्रात पं. गजाननराव जोशी आणि पं. डी.के. दातार यांच्यासारख्या वादकांनी गायकी अंगाचे वादन याच बैठकीत लोकप्रिय केले.

४. व्हायोलिन आणि योग

विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले, तेव्हा ते पुष्कळ थकलेले होते आणि त्यांना वादनातही अडचण येत होती. मुंबईत त्यांची पुण्याचे योगाचार्य बी.के.एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली. भेट अवघ्या ५ मिनिटांची ठरली होती. पण अय्यंगार यांनी त्यांना प्रथम विश्रांतीच घ्यायला लावली आणि मेन्युहिन गाढ झोपी गेले. पुढे ते अय्यंगार यांचे शिष्य झाले. १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगार यांना एक घड्याळ भेट दिले. त्यावर अय्यंगार हे आपले सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक आहेत, अशा आशयाचा मजकूर कोरलेला होता. अय्यंगार यांना तर व्हायोलिन वाजवता येत नव्हते ! बालपणापासून जगभर नावाजलेल्या वादकालाही शरीर सैल सोडणे नव्याने शिकावे लागले, हे आपण लक्षात घ्यावे.

पतंजलींनी आसनाची स्थैर्य आणि सुख ही दोन लक्षणे सांगितली आहेत आणि त्यासाठी प्रयत्न शिथिल करायला सांगितले आहे. वाद्याची बैठक हेही एक आसनच आहे.

५. प्रत्यक्ष सराव

अ. बैठक : घडी केलेली सतरंजी बैठकीखाली घ्यावी, म्हणजे कंबर वाकत नाही. उजवा पाय थोडा पुढे घेऊन वाद्याचे टोक घोट्याजवळ टेकवावे आणि वाद्याची मागची बाजू डाव्या खांद्याजवळ छातीला टेकवावी. आता डावा हात सोडून पहावा. वाद्य स्थिर रहात नसेल, तर पायाची जागा पालटावी. वाद्य धरून ठेवण्यासाठी मान वाकवू नये.

आ. डावा हात : बोट तारेवर नुसते ठेवून गज फिरवावा. आरंभी घोगरा, फुसका आवाज येईल. दाब अगदी हळूहळू वाढवावा. ज्या क्षणी स्वर स्वच्छ येईल, तेथे थांबावे. तेवढाच दाब पुरेसा असतो. मला हे कळले, तेव्हा मी कितीतरी अधिक जोर लावत होतो, हे लक्षात आले. अंगठ्याने वाद्याची मान आवळू नये.

इ. उजवा हात : गज तारेवर दाबू नये. हाताचे स्वतःचे वजन गजावर सोडावे. करंगळी ताठ न ठेवता किंचित वाकलेली असावी. मोकळ्या तारेवर केवळ षड्ज घेऊन सावकाश पूर्ण गज ओढावा आणि त्याच वेळी श्वास सोडावा. ५ मिनिटे एवढेच करावे.

ई. श्वास आणि जबडा : अवघड जागा आली की, श्वास रोखला जातो. तेथे लय निम्मी करावी. श्वास चालू ठेवून वाजवता येईल, तीच आपली आजची लय समजावी.

उ. विश्रांती : १० मिनिटे वादन झाल्यावर वाद्य खाली ठेवून २ मिनिटे हात सैल सोडावेत. शेवटी काही मिनिटे शवासन करावे.

६. कधी थांबावे ?

स्नायूंना आलेला थकवा विश्रांतीने जातो. पण टोचणारी वेदना, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा जाणवला, तर त्याच क्षणी थांबावे आणि त्रास पुन्हा होत असेल, तर वैद्यांना दाखवावे. गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नसेल, तर जाणकारांच्या मार्गदर्शनाने खुर्चीवर बसून वाजवण्याची पद्धत शिकावी. वेदना सोसणे म्हणजे तप नव्हे.

७. पालट

पहिले तीन आठवडे मी एकही भजन वाजवले नाही. केवळ षड्ज वाजवला. मनाला ते जड गेले. 'इतरांच्या मागे पडलो', असे वाटायचे. नंतर लक्षात आले की, खांदा आवळला जात होता, तो याच विचाराने. आता मी भजनाला साधीच साथ करतो; पण अर्ध्या घंट्यानंतरही मान दुखत नाही आणि गाणाऱ्याचा स्वर मला ऐकू येतो. पूर्वी मला केवळ माझेच वाद्य ऐकू यायचे.

आज वाद्य हातात घ्याल, तेव्हा पहिला स्वर काढण्यापूर्वी डावा हात एकदा सोडून पहा.