इलेक्ट्रिकल मिळालंय, मग रडताय कशाला?

सीईटीचा निकाल लागून कॅप राउंड सुरू झाले की एकच प्रश्न येतो, फक्त कॉलेजचं नाव बदलतं. "सर, सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळतंय. ते सोडून मॅनेजमेंट कोट्यातून दुसरीकडे कॉम्प्युटर घ्यावं का?" विचारतात वडील. ज्याला शिकायचंय तो शेजारी गप्प.

घेऊ नका. चांगलं कॉलेज सोडून लाखो रुपये मोजायचे ते शाखेच्या नावासाठी, आणि चार वर्षांनी त्या नावाचा भाव काय असेल हे आज कुणालाच सांगता येत नाही.

इलेक्ट्रिकलच्या रुळलेल्या वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत: महावितरण-महापारेषणची भरती, गेटच्या गुणांवर एनटीपीसी किंवा पॉवरग्रिड, ईव्ही आणि सौरऊर्जेतल्या कंपन्या. कोडिंग जमत असेल तर सॉफ्टवेअरचं दारही उघडं आहे. मला बोलायचंय ते प्राध्यापकीबद्दल. हा शब्द काढला की पालकांचा चेहरा पडतो.

तो उगाच पडत नाही. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि त्यांतल्या अनेक ठिकाणचा प्राध्यापक आपण पाहिलाय. कॅम्पसमध्ये निवड झाली नाही म्हणून एम.ई.ला गेलेला, मग तासिका तत्त्वावर वर्गात उभा राहिलेला. पगार रखडलेला, उन्हाळ्यात ॲडमिशन आणायची कामं, वर्षभर नॅकच्या फायली. ही प्राध्यापकी करू नका, हे मीच सांगतो. दुसरं काही जमलं नाही म्हणून शिकवायला जाणाऱ्याने स्वतःचं नुकसान करून घ्यावं हवं तर, पण वर्गातल्या साठ मुलांचं करू नये.

मी म्हणतो ती प्राध्यापकी संशोधनाची आहे आणि ती विशीतच ठरवून निवडावी लागते. तिसऱ्या वर्षापासून गेटची तयारी करा. गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. चांगल्या गुणांवर बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.लाही घेतात. तिथे केंद्राची फेलोशिप पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. चैन होत नाही, पण घरून पैसेही मागवावे लागत नाहीत. पुढे एआयसीटीईच्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. आयआयटीत पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव असेल तर ते १,०१,५०० पासून. ही श्रेणी प्रत्यक्षात हातात पडते का, हे खासगी कॉलेजात रुजू होण्याआधी तिथल्या शिक्षकांना विचारून घ्या.

या कामाला फळ उशिरा येतं, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. ग्वाल्हेरला १९३८ मध्ये जन्मलेले अरुण फडके १९५९ मध्ये आयआयटी खरगपूरमधून बाहेर पडले आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला पीएच.डी. झाले. वीज कंपनीत अनेक वर्षं काम करून १९८२ मध्ये ते व्हर्जिनिया टेकमध्ये प्राध्यापक झाले. तिथे १९८८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फेझर मेझरमेंट युनिट बनवलं. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या उपकेंद्रांतल्या व्होल्टेजचे कोन जीपीएसच्या घड्याळावर एकाच क्षणी मोजणारं हे यंत्र. ग्रिडवर ताण कुठे येतोय ते त्यामुळे आधीच दिसतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि सगळा देश एका ग्रिडवर आला. एवढा पसारा सांभाळायला आज हीच यंत्रं लागतात. पहिलं यंत्र बनलं तेव्हा फडके पन्नाशीला टेकले होते. आपल्याकडे बाविसाव्या वर्षी पॅकेजचा आकडा मागतात.

खरी कसोटी चोवीस ते एकोणतिशीची. मावसभावाने हिंजवडीत फ्लॅट बुक केलेला असतो आणि तुमचा पेपर समीक्षकांनी दुसऱ्यांदा परत पाठवलेला असतो. अशा वेळी घरून फोन येतो, "अजून शिकतोच आहेस?" या एका वाक्याने पीएच.डी. सुटलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलींचं तर दोन्हीकडून मरण. एक घर म्हणतं, "डॉक्टरेट केलीस तर स्थळ कुठून आणायचं?" दुसरं म्हणतं, "मास्तरकी बरी, दुपारी घरी येता येतं." दोघांनाही हे काम माहीत नाही. तास आठवड्याला मोजकेच असतात, पण इन्व्हर्टर जळला, प्रकल्पाचा निधी संपत आला, विद्यार्थ्याचा प्रबंध अडला, तर पाच वाजता कुलूप लावता येत नाही. सोयीसाठी हे काम निवडू नका आणि मुलीवर लादूही नका.

आपल्याला हे झेपेल का, ते मुलांना मशीन लॅबमध्येच कळतं. मोटरचं रीडिंग सूत्राशी जुळत नाही. बहुतेक जण सीनियरच्या जर्नलमधले आकडे उतरवून सही घेतात. तुम्ही तसं करत असाल तर खुशाल कुठलीही नोकरी करा, पण प्राध्यापक होऊ नका. तसे आपल्याकडे पुरेसे आहेत. ते का जुळलं नाही हे शोधायला लॅब बंद होईपर्यंत तुम्ही थांबत असाल, तर मात्र कॉम्प्युटर हुकल्याचं दुःख आजच सोडा आणि वडिलांना हा लेख वाचायला द्या.