काजूच्या हंगामातला ताप

काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकच. थंडीत मोहर धरतो, फेब्रुवारीपासून बोंडू पिकून गळू लागतात आणि पाऊस येण्याआधी शेवटची बी घरात येते. नेमक्या त्याच महिन्यांत जंगलाच्या कडेच्या पाल्यापाचोळ्यात बारीक गोचीड माजलेली असते. डिसेंबर ते मे हा तिचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जोराचा. दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्यातला सत्तरी तालुका, इथल्या प्रत्येक बागायतदाराला हे वेळापत्रक पाठ असायला हवं. मला ते २०१७ साली अंथरुणात पडून शिकावं लागलं. तुम्हाला ते वाचून कळावं, म्हणून हा खटाटोप.

आमची बाग बांद्याच्या बाजूला, जंगलाला लागून. महाराष्ट्रात माकडतापाचे रुग्ण आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, दोडामार्ग तालुक्यात सापडले होते. त्याच्याही आधीच्या वर्षी सत्तरीत साथ येऊन माणसं दगावली होती. बातम्या कानावर यायच्या, पण डोंगरापलीकडच्या वाटायच्या.

त्या फेब्रुवारीत बागेच्या वरच्या अंगाला एक वानर मरून पडलं. आमच्याकडे वानर म्हणजे मारुतीचं रूप. गावातल्या चौघांनी त्याला उचललं, अंगावर पाणी घातलं, कपाळी कुंकू लावलं आणि नारळ ठेवून बांधालगत पुरलं. वनखात्याला कळवायचा विषय निघाला, तेव्हा एक जण म्हणाला, "कळवलंव तर आपल्याच मागे लागतले, कोणी मारल्यानी म्हणान." सगळ्यांनी माना डोलावल्या. वानराला हात लावणाऱ्यांनी आंघोळी केल्या आणि विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात मी आणि माझी जाऊ बी गोळा करायला वर गेलो. हे काम वाकून करायचं. एका हाताने काठीने पातेरा सारायचा, दुसऱ्या हाताने पडलेला बोंडू उचलायचा, बी पिळून वेगळी काढायची आणि टोपलीत टाकायची. माकडं आणि वानरं बोंडू खातात, बी टाकून देतात. त्यामुळे ज्या झाडावर त्यांची टोळी बसून गेली, त्याच्याखाली पिळलेल्या, आयत्या बिया पसरलेल्या असतात. सगळ्या बायका अशीच झाडं हेरून जातात. गोचीडही माकडांच्या अंगावरून त्याच झाडाखाली उतरते. दुपारी आम्ही तिथेच पातेऱ्यावर बसून भाकरी खाल्ली.

काही दिवसांनी भरदुपारी हुडहुडी भरून ताप आला. डोकं, कंबर आणि पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की कूस बदलवेना. डोळे लाल. जाऊ म्हणाली, "ऊन लागला असतला, कोकमाचा पाणी पी गो." दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. मलेरिया निघाला नाही, डेंगी निघाला नाही, मग टायफॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्तातल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या; डेंगीतही तसंच होतं, त्यामुळे सगळे त्याच वाटेने विचार करत राहिले. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा मला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "काजूच्या बागेत जाता का? जवळपास माकड मेलं होतं?" त्या दोन प्रश्नांनी उपचाराची दिशा बदलली. रक्ताचा नमुना तपासणीसाठी बाहेर गेला आणि उत्तर आलं: माकडताप.

ताप उतरला, घरी आले, शेजारणी नारळपाणी घेऊन भेटून गेल्या. सगळं आटोपलं असं वाटत होतं. एका सकाळी चहा घेताना कप बशीवर आपोआप वाजायला लागला. हात थांबेना. संध्याकाळपर्यंत मान ताठली, डोकं पुन्हा ठणकायला लागलं आणि ताप परत चढला. या आजारात दहातल्या एक-दोन रुग्णांना असा दुसरा फेरा येतो. पहिला ताप गेल्यावर आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि मग मेंदूची लक्षणं दिसू लागतात. मी त्यातूनही वाचले, पण टोपली डोक्यावर घेण्याइतकी ताकद यायला पावसाळा उलटून गेला.

बरी झाल्यावर मिळेल ते वाचलं, विचारलं. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी मेलेल्या माकडांत आणि आजारी माणसांत एकच नवा विषाणू शोधून काढला. तेव्हापासून याचं शास्त्रीय नाव 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज', लोकांच्या तोंडी माकडताप. अनेक दशकं तो कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांतच होता. गेल्या दशकात तो केरळात वायनाडला, गोव्यात आणि आपल्याकडे दिसू लागला.

माकड या विषाणूचं घर नाही. तेही आपल्यासारखंच बळी पडतं. विषाणू टिकून राहतो तो गोचिडीत आणि जंगलातल्या उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांत. माणसाला चावते ती गोचिडीची पिल्लावस्था. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे चावल्याचं कळतही नाही. मोठी झालेली गोचीड पावसाळ्यात गुरांना धरते. गुरं या विषाणूने फारशी आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या रक्तावर पोसलेली मादी खाली पडून ढिगाने अंडी घालते. गुरं जंगलात जितकी आत चरायला जातात, तितकी तिथली गोचीड वाढते.

आणखी एक गोष्ट आपल्या वर्मावर बोट ठेवणारी आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि तिथे या तापाची मोठी साथ उसळली. माणूस, गुरं, माकडं आणि गोचीड जंगलाच्या एकाच कडेवर आली. आपण डोंगर उघडे करून काजू लावतो तेव्हा हीच कडा लांबवत असतो. काजू लावू नका असं मी म्हणणार नाही, आमचं पोट त्याच्यावर आहे. पण त्या कडेवर वावरायचे नियम आता वेगळे आहेत, एवढं मान्य करावंच लागेल.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पायात बूट आणि पायजम्याचं टोक मोज्यात खोवलेलं असू द्या. साडी नेसणाऱ्या बायकांनी आत लांब पायजमा घालावा. याला हसणारे दोन दिवस हसतात. आरोग्य केंद्रातून या हंगामात डेपा किंवा डीएमपी हे अंगाला लावायचं तेल मिळतं; ते मागून घ्या आणि हातापायांना चोळूनच घराबाहेर पडा. पातेऱ्यावर बसू नका, आडवं होऊ नका. भाकरी खायची तर उघड्या कातळावर बसून खा.

घरी आल्यावर कपडे दाराबाहेरच उतरवून गरम पाण्यात टाका. साबण लावून आंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा, केसांची मुळं चाचपा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. बोटांनी चिरडू नका, चटका देऊ नका. जागा साबणाने धुवा आणि कुठल्या दिवशी चावली ते लक्षात ठेवा.

गोठ्यात गुरांखाली अंथरायला जंगलातला पातेरा आणणं या महिन्यांत बंद ठेवा. त्या भाऱ्यातून गोचीड थेट घरात येते. भाताचा पेंढा वापरा. गुरांच्या अंगावर गोचीडनाशक लावायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, ठरलेल्या मात्रेतच.

ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. बागेत जाते, पातेरा गोळा करते, अमुक ठिकाणी माकड मेलं होतं, गोचीड चावली होती, हे पहिल्याच वाक्यात सांगा. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, म्हणून तेवढे दिवस मागे जाऊन आठवा. अंगदुखीची गोळी दुकानातून मनाने घेऊ नका. काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. या तापावर नेमकं औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर दाखल होणं, यांवरच माणूस वाचतो. शंभरातले तीन ते पाच वाचत नाहीत. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिलेली जुनी लस पुरेशी परिणामकारक राहिली नाही म्हणून २०२२ मध्ये थांबवली गेली आणि नव्या लशीचं काम चालू आहे. तोवर भिस्त सावधगिरीवरच. ताप उतरल्यावरही पुढचे दोन-तीन आठवडे डोकेदुखी, हातांची थरथर किंवा बरळणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात परत जा.

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. रुग्णाचं भांडं वेगळं करू नका, त्याच्या घरी जाणं टाळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लेगच्या काळात आपल्या पणज्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: घरात उंदीर पडले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पण जनावराचं मरण वाचायची सवय होती. १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेगसारखी साथ आली तेव्हाही आधी उंदीरच मरू लागले होते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पहिली खबर कोंबड्यांच्या मरणाने दिली. माकडतापात ती खबर माकड देतं. ते मरतं तेव्हा त्याच्या अंगावरची विषाणूवाली गोचीड खाली उतरते आणि ती जागा कित्येक दिवस धोक्याची राहते. म्हणूनच आरोग्य खात्याची माणसं मेलेल्या माकडाभोवती साधारण पन्नास मीटरपर्यंत गोचीडनाशक पावडर मारतात. आपण कळवलंच नाही, तर ती मारायची कुठे?

तेव्हा मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर जवळ जाऊ नका. पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, लांबूनच जागेची खूण करा आणि ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. माकड मेल्याचं कळवणाऱ्यावर संशय घेतला जाणार नाही, हे वनखात्यानेही गावोगाव जाऊन सांगायला हवं. भीती गेल्याशिवाय खबर येणार नाही. मारुतीवरची श्रद्धा कुणी सोडायला सांगत नाही. फक्त क्रम बदला: आधी फोन, मग नारळ.