काटा शून्यावर आहे ना?



गेल्या महिन्यात आजाऱ्यांच्या भेटीसाठी एका घरी गेलो होतो. मुलाने आईचा रक्तदाब नुकताच मोजला होता : ११८/७०. "फादर, आईचं बीपी नॉर्मल झालंय. गोळी बंद करावी म्हणतो," तो आनंदाने म्हणाला. यंत्र टेबलावरच होते. पट्ट्यात हवा नव्हती, तरी काटा शून्याच्या बराच खाली विसावला होता. म्हणजे प्रत्येक आकडा तेवढाच कमी दिसत होता! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वरचा आकडा १४० च्या पुढे निघाला. गोळी चालू राहिली.

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक गोष्ट मनावर ठसली. गृहीतक चुकले, तर पुढचा बिनचूक विचारही चुकीच्या निष्कर्षाला नेऊ शकतो. इथे काटा हेच गृहीतक! आज पुष्कळ घरांत हे डायलचे यंत्र आहे. म्हणून ही उजळणी.

मोजण्यापूर्वी : अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. बोलू नये. दंड उघडा असावा व हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत असावा. हात खाली लोंबकळला तर आकडा वाढतो. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावल्यास रक्तदाब उगाच जास्त दिसतो.

मोजताना :
१. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर ठेवावी.
२. मनगटाची नाडी धरून हवा भरावी. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवून हवा सोडावी व मिनिटभर थांबावे.
३. कोपराच्या घडीत आतल्या बाजूस स्टेथोस्कोप ठेवावा. त्या आकड्याहून ३० जास्त हवा भरावी.
४. स्क्रू हळूच सैल करावा. काटा सेकंदाला सुमारे २ मि.मी. उतरावा. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा. ठोके पूर्ण थांबतात तो खालचा. हे ठोके रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली वर्णन केले.
५. मिनिटभराने पुन्हा मोजावे. दिसेल तोच आकडा तारखेसह वहीत लिहावा. १३६ चे १४० करू नयेत. पहिल्यांदा दोन्ही हातांचा दाब पाहावा व पुढे जास्त असलेल्या हाताचाच मोजावा.

निगा : दर वेळी आधी काटा शून्यावर आहे का ते पाहावे. पट्टा गुंडाळून हवा भरावी. स्क्रू बंद असूनही काटा भराभर उतरला तर कुठेतरी गळती आहे. रबरी नळ्यांना चिरा पडल्या असतील तर बदलाव्यात. कापडी खोळ धुताना आतली रबरी पिशवी काढावी. डायलला पाणी लागू देऊ नये. ठेवताना हवा पूर्ण काढावी, नळ्या मुडपू नयेत. यंत्र पडले तर, आणि एरवीही दर सहा महिन्यांनी, दुकानातून किंवा दवाखान्यातून ते तपासून घ्यावे. काटा घरी वाकवून शून्यावर आणू नये.

शेवटी एकच विनंती. आकडा कमी आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. १८० किंवा १२० च्या वर आकडा येऊन छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणे अडखळत असेल, तर वही राहू द्या. ताबडतोब इस्पितळ गाठा.

आज घरी गेल्यावर कपाटातले यंत्र काढा आणि काटा कुठे आहे तेवढे पाहा.

आपला,
फादर