कायनेज विकरे आणि त्रिकटूची पुडी

पेशीतील ऊर्जेचा व्यवहार मुख्यतः एटीपी या रेणूमार्फत चालतो. एटीपीमधील एक फॉस्फेट गट काढून तो दुसऱ्या रेणूवर बसविणाऱ्या विकरांना ‘कायनेज’ म्हणतात. ग्लुकोज पेशीत शिरताच हेक्झोकायनेज त्यावर फॉस्फेट बसविते व त्याचे पुढील विघटन सुरू होते. येथे धात्वग्नीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि साम्य म्हणजे एकरूपता नव्हे.

काही कायनेज प्रथिनांवर फॉस्फेट बसवून त्यांचे कार्य चालू वा बंद करतात. फॉस्फटेज विकरे तो गट पुन्हा काढतात. या दुहेरी नियंत्रणाच्या शोधाबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे नियंत्रण सुटल्यास काय घडते, याचे उदाहरण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग. यात ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन सतत चालू राहणारे कायनेज निर्माण होते व श्वेतपेशी अमर्याद वाढतात. ते रोखणारे इमॅटिनिब २००१ पासून वापरात आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या स्फटिकरूपावरील पेटंटची मागणी फेटाळली व स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग निर्वेध राहिला.

मासवण, मनोर, बोईसर परिसरातील रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊनही अग्निमांद्य, मळमळ यांसाठी आपल्याकडेच येतो. तेव्हा त्रिकटू देण्याचा मोह होतो. परंतु इमॅटिनिबचे विघटन यकृतातील सीवायपी ३ए४ हे विकर करते, आणि पिंपळी व मिरे यांतील पाइपरिन त्याच विकरास अवरोध करते असे प्रयोगशाळेत आढळले आहे. औषधाची रक्तातील मात्रा वाढून अपाय संभवतो.

म्हणून आम्ही सुचवितो :

१. पुडी बांधण्यापूर्वी रुग्णाच्या चालू गोळ्या पाहाव्यात. औषधालयातही हाच प्रश्न विचारावा.

२. अशा रुग्णास त्रिकटू वा पिंपळीयुक्त कल्प त्याच्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्याविना देऊ नयेत.

३. बरे वाटले म्हणून गोळी थांबविण्याचा सल्ला देऊ नये. ती रोज घ्यावयाची असते. थांबविण्याचा निर्णय तज्ज्ञाचाच.

४. प्लीहावृद्धी, कृशता व थकवा एकत्र दिसल्यास केवळ हिवताप गृहीत न धरता रक्तगणना करून घ्यावी.

द्रव्याचा गुण जाणणे हे जसे शास्त्र, तसेच ते कोठे देऊ नये हे जाणणेही शास्त्रच होय.