‘भीड’ आणि ‘गर्दी’: दोन भाषांतली अदलाबदल

रंगपंचमीला गेर निघते तेव्हा राजवाड्यासमोर दाटलेल्या लोकांना हिंदी बोलणारा ‘भीड’ म्हणतो, मराठी बोलणारा ‘गर्दी’. दोन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत. अर्थ मात्र वेगळे. मराठीत भीड म्हणजे संकोच, मुर्वत. हिंदीत ‘गर्दी’ सहसा एकटी येत नाही; ‘गुंडागर्दी’सारख्या शब्दात दंडेलीचा अर्थ घेऊन येते.

‘त्याला कुणाचीच भीड वाटत नाही’ हे वाक्य वर्गात दिले, की इंदूरची बरीच मुले ‘त्याला गर्दीचे काही वाटत नाही’ असा अर्थ लावतात. हिंदीचा परिणाम म्हणून त्यावर नुसती लाल रेघ मारणे मला पटत नाही. अर्थ चुकला, तरी मुले शब्दाच्या मुळाजवळ पोचलेली असतात.

ते मूळ ‘भिडणे’ या क्रियापदात आहे. अंगाला अंग लागणे, टक्कर घेणे हे त्याचे अर्थ दोन्ही भाषांना ठाऊक आहेत. हिंदी भीड या शारीरिक दाटीपाशी राहिली. मराठीने तोच दाब मनावर घेतला. समोरच्याचे वय, मान, जुने उपकार आपल्याला खेटून उभे राहतात आणि ‘नाही’ म्हणवत नाही, ती भीड. ‘भीड घालणे’ म्हणजे कुणाच्या तरी शब्दाचे वजन आणणे. ‘भीड चेपणे’ यातले क्रियापद तर मुद्दाम पाहावे. चेपायचे ते दाबूनच! ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण या दाबाची किंमत सांगते.

‘गर्दी’ फारसीतून आली. जुन्या मराठीत तिच्यात दंगल, धुमाकूळ, संहारही होता. ‘भाऊगर्दी’ हा शब्द पानिपतावरच्या सदाशिवरावभाऊंच्या लढाईचा, १४ जानेवारी १७६१ चा. इंदूरच्या होळकर घराण्याचे मल्हारराव त्या मोहिमेत होते. आज वर्तमानपत्रांत ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ छापून येते, तेव्हा त्यातले रक्त कुणाला दिसत नाही. मराठीत गर्दी निवळली. हिंदीच्या समासांनी तिचा जुना धाक जपला.

मला काळजी आहे ती ‘भिडस्त’ची. इथल्या मराठी घरांतली तरुण मंडळी त्या जागी सर्रास ‘शर्मीला’ म्हणतात. शर्मीला लाजतो. भिडस्त लाजेलच असे नाही. तो चारचौघांत मोकळा बोलेल, पण मागितलेले उसने पैसे मात्र नाकारू शकणार नाही.