बंद पडलेला संगणक

उमरेडहून नागभीडकडे जाताना वाटेत भिवापूर लागते. येथील लालभडक, तिखट मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या भिवापुरात आमचे एक मित्र राहतात. ते मिरची पिकवतात आणि विकतातही. त्यांच्या घरी एक जुना संगणक आहे. मजुरांची हजेरी आणि पैशांचा हिशेब त्यातच असतो. तो हिशेब वहिनी लिहितात.

एके दिवशी सकाळीच मित्राचा निरोप आला, "लवकर या जी भाऊ. संगणक चालूच नाही होऊन राहिला."

आम्ही गेलो. पाहतो तो ओसरीवर एक मजूर बाई बसलेली. तिची तोडणीची मजुरी द्यायची होती. मित्र म्हणत होते, "बाई, तुझे एकवीस दिवस भरले." ती म्हणत होती, "नाही जी, चोवीस झाले. मी वहीत रेघा मारल्या ना रोज."

"संगणक उघडल्याबिगर मी काय सांगू?" मित्र म्हणाले.

तीन दिवसांची मजुरी म्हणजे गरिबाच्या घरचे तेल-मीठ. आम्ही म्हटले, आधी यंत्राकडे पाहू या.

संगणक ही काही जादू नव्हे. माणसानेच तो घडवला. आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. माणसाने जे घडवले, ते माणसाला समजून घेता येते. मात्र घाई करू नये. सोप्या गोष्टीपासून सुरुवात करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

पहिली गोष्ट वीज. संगणकाचे बटण दाबले, तर दिवा लागेना, पंखा फिरेना. मग आम्ही त्याच बोर्डात टेबलाचा दिवा लावून पाहिला. तोही लागला नाही. म्हणजे दोष बोर्डाचा! दुसऱ्या बोर्डात वायर लावताच पंखा घरघरू लागला. मित्र आनंदले. पण पडदा काळाच राहिला.

दुसरी गोष्ट पडदा. पडद्याला स्वतःची वीज लागते. त्याचा छोटा दिवा लागलेला होता. मागची वायर आम्ही घट्ट बसवली. तरी पडदा काळाच. तेवढ्यात डब्यातून आवाज येऊ लागला, "पीं... पीं... पीं..." संगणक अशा आवाजाने आपले दुखणे सांगतो. बऱ्याच संगणकांत असा सारखा आवाज येतो, तेव्हा 'रॅम' नावाची पट्टी नीट बसलेली नसते. काम चालू असताना लागणारी माहिती या पट्टीत राहते.

डबा उघडण्याआधी काय करावे, ते नीट वाचा. प्रथम वायर बोर्डातून काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मग चालू करण्याचे बटण एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. नंतर डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. आपल्या अंगावरही थोडी वीज साठलेली असते. तिने नाजूक भाग बिघडतात. आत विजेची एक बंद पेटी असते. घरची २३० व्होल्टची वीज ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून देते. ही पेटी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धक्का बसेल इतकी वीज राहू शकते.

पेचकसाने आम्ही डबा उघडला. आत मिरचीची लाल धूळ! आम्ही सगळेच शिंकू लागलो. ती बाईही हसली. नाकाला फडके बांधून कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडली. रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर काळपटपणा आला होता. तो खोडरबराने हलकेच घासून काढला. चुरा झटकला आणि दोन्ही टोकांचे चाप 'टक्' होईपर्यंत पट्टी दाबून बसवली.

संगणक सुरू केला. पडदा उजळला! पण तारीख भलत्याच जुन्या सालाची. आत रुपयाएवढा एक सेल असतो. संगणक बंद असतानाही तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला होता. घड्याळाच्या दुकानातून ३ व्होल्टचा तसाच सेल आणला. वायर काढून तो बदलला आणि तारीख ठीक केली.

मग वहिनींनी हजेरी उघडली. सगळे श्वास रोखून पाहत होते. संगणकात तेवीस दिवस लिहिलेले होते. ना एकवीस, ना चोवीस!

बाईने आपली वही पुढे केली. ती नुकतीच लिहायला शिकली होती. प्रत्येक रेघेपुढे वार लिहिलेला होता. वहिनींनी एकेक दिवस ताडून पाहिला. एका शुक्रवारी संगणकात काहीच नव्हते.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी मी माहेरी गेले होते. हजेरी लिहायची राहूनच गेली."

मित्र ओशाळले. त्यांनी चोवीस दिवसांची मजुरी मोजून दिली. त्या शुक्रवारी आलेल्या इतर मजुरांचाही एकेक दिवस वाढवला. बाईने पैसे मोजले, वहीत सही घेतली आणि मगच ती उठली.

यंत्र दुरुस्त झाले, पण यंत्राला जेवढे सांगावे तेवढेच ते जाणते. म्हणून हिशेब दोन जागी असावा. निघण्यापूर्वी आम्ही सगळ्या हजेरीची एक नक्कल पेन ड्राइव्हमध्ये घेतली आणि एक कागदावर छापून ठेवली. आणि वाचकहो, आपला हिशेब आपल्या हाताने आपल्या वहीतही लिहावा.

प्रश्न

१. डबा उघडण्याआधी कोणत्या तीन गोष्टी कराव्यात?
२. बोर्डात वीज आहे की नाही, हे कसे ओळखले?
३. संगणकात एक दिवस कमी का होता?
४. तुमच्या या आठवड्याच्या कामाचे दिवस वहीत लिहा. प्रत्येक दिवसापुढे वार लिहा.